बाण कापावा कसा?

'बाण कापणें' हे शब्द कानीं पडतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें रामायण-महाभारतांतील रणांगण उभें राहिलें असेल. एका वीरानें सोडलेला बाण दुसऱ्यानें वाटेंतच छेदावा, हा प्रसंग आपण कीर्तनांत अनेकदां ऐकला आहे. आज मला ज्या कापण्याविषयीं बोलावयाचें आहे, तें इतकें अद्भुत नाहीं. घरच्या पडवींत, सुताराच्या चार हत्यारांनीं आणि एका लहानशा मोटारीनें करावयाचें तें काम आहे. परंतु त्यांतही कौशल्य आहे, धोका आहे, आणि एकदां चूक झाली म्हणजे ती सुधारण्याचा मार्ग मात्र मुळींच नाहीं.

आजकाल तिरंदाजींत जे बाण वापरतात, त्यांची दांडी कार्बनच्या तंतूंची, ॲल्युमिनियमची, लांकडाची किंवा बांबूची असते. पहिल्या दोन प्रकारांची दांडी पोकळ नळीसारखी असून ती कारखान्यांतून बहुधा तीस ते तेहतीस इंच लांबीची येते. ती मुद्दामच लांब ठेवलेली असते. कारण प्रत्येकाच्या हाताची लांबी, खांद्याची रुंदी आणि दोरी ओढण्याची पद्धत वेगळी. अंगरखा जसा अंगावर बेतावा लागतो, तसा बाणही ज्याचा त्याला बेतावा लागतो. २०२३ सालीं बर्लिन येथें झालेल्या जागतिक स्पर्धेंत कंपाउंड धनुष्याच्या प्रकारांत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे हे दोघेही जगज्जेते ठरले, तेव्हां ही विद्या आपल्याकडे केवढी रुजली आहे हें सर्वांना दिसून आलें. अशा विद्येच्या मागें लागलेल्या मुलासाठीं बारा बाणांचा संच घ्यावयाचा, तर साध्या संसारांत कित्येक महिने पैसे बाजूला टाकावे लागतात. तो संच घरीं आल्यावर पहिली करवत त्याला कोणी लावावी आणि कशी, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाहीं.

प्रथम, बाणाची लांबी म्हणजे काय, हें ठरविलें पाहिजे. बाणाच्या मागच्या टोंकाला धनुष्याची दोरी बसण्यासाठीं खांच असते. ही खांच ज्या लहानशा प्लास्टिकच्या भागांत असते, त्याला नॉक असें म्हणतात. या खांचेच्या तळापासून दांडीच्या पुढच्या कापलेल्या कांठापर्यंतचें अंतर ती बाणाची लांबी. पुढें बसविलेलें धातूचें फळ या मापांत धरीत नाहींत. एकानें फळासकट मोजावें आणि दुसऱ्यानें फळाशिवाय कापावें, असें झालें कीं संच वायां गेलाच म्हणून समजावें. म्हणून माप सांगणारा आणि कापणारा यांनीं आधीं एका भाषेंत बोलावें हें बरें.

माप घेण्यासाठीं हलकें धनुष्य आणि न कापलेली लांब दांडी घ्यावी. समोर लक्ष्याचा जाड गठ्ठा असावा व त्याच्या आणि धनुष्याच्या मध्यें कोणीही नसावें. धनुर्धरानें पांच-सहा वेळां दोरी ओढून अंग मोकळें करून घ्यावें. नंतर ती आपल्या नेहमींच्या ठिकाणीं, म्हणजे हनुवटीखालीं किंवा गालापाशीं, आणून स्थिर व्हावें. दुसऱ्यानें बाजूला उभें राहून, बाण धनुष्याच्या ज्या आधारावर टेकलेला असतो त्याच्या नेमकी समोर दांडीवर खूण करावी. हें एकदां करून भागत नाहीं. चार-पांच खुणा कराव्या आणि त्यांतील सर्वांत पुढची प्रमाण मानावी. कोणी आपणांस पाहत आहे म्हटलें कीं माणूस दोरी थोडी अधिकच ओढतो असाही अनुभव आहे. पण या कामीं तें हितकारकच.

कां हितकारक, तें सांगतों. दांडी त्या खुणेपेक्षां आंखूड झाली, तर पूर्ण ओढतांना बाणाचें टोंक आधारावरून मागें घसरून हाताच्या बाजूला पडतें. अशा स्थितींत दोरी सुटली तर बाण धनुष्यावर आपटून मोडतो, आणि त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातांत शिरतात. म्हणून नवशिक्याच्या बाणाला त्या खुणेपुढें निदान दोन इंच तरी जास्त ठेवावे, आणि मूल वाढत्या वयाचें असेल तर तीन. सहा महिन्यांत मुलाचा हात वाढतो, छाती रुंदावते, ओढण्याची ढबही सुधारते. बाण मात्र वाढत नाहीं. 'लांब बाण बावळट दिसतो' असें म्हणून शाळकरी मुलाचे बाण मोठ्या माणसाच्या बेतानें कापून देणारे हौशी लोक असतात. त्यांच्या हातीं करवत न देणें उत्तम.

आतां दुसरी गोष्ट, आणि तीच या विषयाचें मर्म आहे. दांडी कापली म्हणजे केवळ लांबी कमी होत नाहीं, तर बाणाचा स्वभाव बदलतो. एक लांब काठी जमिनीवर उभी धरून वरून दाबली तर ती मध्यें वांकते. तीच आंखूड केली तर तितक्या दाबानें वांकत नाहीं. दोरी सुटतांना बाणाला मागून असाच दाब बसतो आणि तो क्षणभर धनुष्यासारखा वांकतो, पुन्हां उलट वांकतो, आणि अशा लहरी घेत धनुष्याला वळसा घालून निघतो. डोळ्यांना हें दिसत नाहीं. अमेरिकेंतील क्लॅरेन्स हिकमन या पदार्थवैज्ञानिकानें १९३० नंतरच्या दशकांत अतिवेगवान चित्रीकरण करून तें दाखवून दिलें. बाण जरुरीपेक्षां अधिक ताठ असला तर एका बाजूला जातो, अधिक लवचिक असला तर दुसऱ्या बाजूला.

हा ताठरपणा मोजण्याची रीत साधी आहे. पोकळ दांडी २८ इंच अंतरावरील दोन टेकूंवर आडवी ठेवतात, तिच्या मध्यावर १.९४ पौंड, म्हणजे ८८० ग्रॅम, वजन टांगतात, आणि ती किती खालीं वांकली तें पाहतात. अर्धा इंच वांकली तर तिच्यावर ५०० हा आंकडा छापतात. ४०० म्हणजे त्याहून ताठ, ६०० म्हणजे त्याहून लवचिक. आंकडा वाढला कीं ताठरपणा कमी, ही उलटी गोष्ट नवशिक्यानें लक्षांत ठेवावी. दोन टेकूंवरील दांडीचें वांकणें तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणांत असतें. तीस इंचांची दांडी एक इंच कमी केली तर तिचें वांकणें सुमारें एक दशांशानें घटतें. दोन इंच कमी केली तर जवळजवळ एक पंचमांशानें. उडत्या बाणाचा हिशेब याहून गुंतागुंतीचा असला, तरी दिशा हीच. एका इंचाच्या तुकड्यांत केवढा फरक सांठलेला असतो, हें यावरून कळेल.

म्हणून जाणते लोक बाण एका घावांत कापीत नाहींत. आधीं ठरलेल्या मापापेक्षां अर्धा-पाऊण इंच लांबच कापतात. मग दोन-तीन बाण पिसारा न लावतां, आणि बाकीचे पिसारा लावून, सुमारें १८ मीटरवरून सोडून पाहतात. पिसारा बाणाच्या चुका झांकतो. उघडा बाण त्या बोलून दाखवितो. उजव्या हातानें दोरी ओढणाऱ्याचा उघडा बाण पिसाऱ्याच्या बाणांच्या उजवीकडे पडला तर दांडी लवचिक आहे असें समजावें, डावीकडे पडला तर ताठ. लवचिक असेल तर पाव इंच आणखी कापावें आणि पुन्हां पाहावें. मात्र सुरक्षिततेसाठीं ठेवलेल्या लांबीच्या आंत करवत जातां कामा नये. ताठ असेल तर करवत खालीं ठेवावी, कारण कापून ती अधिकच ताठ होईल. तेथें फळ जड करणें हा एक उपाय. सामान्य धनुर्धराच्या बाबतींत हा प्रयोग अनेक दिवस चालतो, आणि त्याच्या नेमांत सातत्य नसेल तर तो प्रयोग खोटेंही बोलतो. एक सूचना येथेंच देतों : कांहीं भारी बाणांच्या दांड्या मध्यें जाड आणि टोंकांना निमुळत्या असतात. त्या कोणत्या टोंकाकडून किती कापाव्या, याचें कारखान्याचें कोष्टक असतें. तेथें स्वतःची बुद्धि चालवूं नये.

आतां हत्यारांकडे वळूं. बाण कापण्याचें तयार यंत्र मिळतें. पण वर्षांतून दोन-तीनदां लागणाऱ्या वस्तूसाठीं तेवढा खर्च करणें सर्वांना शक्य नसतें. घरीं केलेलें साधन काम तितकेंच चोख करूं शकतें. नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं. तेव्हां तें शब्दांनींच उभें करतों.

चार फूट लांब, सहा इंच रुंद आणि एक इंच जाड अशी वाळलेल्या सागवानाची सरळ फळी घ्यावी. फळीला पीळ असेल तर पुढचें सर्व व्यर्थ, म्हणून रंधा मारून ती आधीं सपाट करावी. तिच्या उजव्या टोंकाला एक लहान, वेगानें फिरणारी मोटार घट्ट बसवावी. खिळ्यांनीं नव्हे, स्क्रूंनीं. मोटारीच्या दांड्यावर एक मिलीमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीची घांसून कापणारी चकती लावावी. चकतीवर तिचा सर्वाधिक वेग छापलेला असतो. मोटारीचा वेग त्यापेक्षां कमी असलाच पाहिजे, नाहीं तर चकती फुटते. चकतीवर जाड पत्र्याचें झांकण असावें, आणि काम करणाऱ्यानें तिच्या पात्याच्या रेषेंत कधींही उभें राहूं नये.

चकतीच्या डावीकडे, बाण आडवा ठेवण्यासाठीं दोन आधार हवेत. लांकडाच्या ठोकळ्यांत खोबण पाडली तरी चालते. पण चाकांच्या बुटांत जीं लहान बेअरिंगें असतात, तीं जुनीं मिळालीं तर त्यांच्यासारखें कांहीं नाहीं. बावीस मिलीमीटर व्यासाचीं दोन बेअरिंगें शेजारीं शेजारीं बसविलीं कीं त्यांच्या मध्यें जी घळ तयार होते, तींत बाण अलगद बसतो आणि बोटाच्या स्पर्शानें जागच्या जागीं फिरतो. अशी एक जोडी चकतीच्या जितकी जवळ बसेल तितकी जवळ, आणि दुसरी पिसाऱ्याच्या थोडी अलीकडे. दोन्ही जोड्यांची उंची एक असावी, आणि त्यांवर ठेवलेली सरळ दांडी चकतीशीं काटकोनांत यावी. सुताराचा गुण्या लावून हें तपासावें.

डाव्या टोंकाला, नॉकच्या मागें, एक उभी धातूची पट्टी हवी. तिला आपण टेकणपट्टी म्हणूं. फळीला लांब भेग पाडून ती तींत सरकती ठेवावी आणि खालून चाकी-बोल्टनें आवळावी. सर्व साधनांत ही पट्टी सर्वांत महत्त्वाची. बारा बाण बारा वेळां मोजून कापले तर बारा वेळां चुकण्याची संधि मिळते. टेकणपट्टी एकदां मापून आवळली कीं पुढें मोजणें उरतच नाहीं. जी कांहीं सूक्ष्म चूक असेल ती बाराही बाणांत सारखीच राहते, आणि सारखी चूक तिरंदाजाला बाधत नाहीं. बाण पट्टीला टेकतो तो नॉकच्या दोन कानांनीं, खांचेच्या तळानें नव्हे. म्हणून कानांची उंची मोजून ती पट्टीच्या अंतरांत मिळवावी. नॉक एकाच जातीचे आणि तळापर्यंत बसलेले असावे.

दोन मिलीमीटरांचा फरक पडला तर काय बिघडलें, असें कोणी विचारील. रिकर्व्ह जातीच्या धनुष्यावर बहुधा क्लिकर नांवाची एक पातळ पट्टी असते. बाणाचें टोंक तिच्याखालून मागें सरकलें कीं ती टक्कन् वाजते, आणि धनुर्धर त्या आवाजासरशी दोरी सोडतो. म्हणजे ओढ किती, हें बाणाची लांबीच ठरविते. अशा धनुष्याचें बळ ओढीच्या शेवटीं दर इंचाला साधारण दोन पौंडांनीं वाढतें. दोन मिलीमीटर आंखूड बाण पौंडाच्या सुमारें सहाव्या हिश्शानें कमी जोरानें सुटेल. सत्तर मीटरवर तेवढ्यानेंही बाण खालीं उतरतो, आणि धनुर्धर बिचारा आपल्या हातालाच दोष देत बसतो.

कापण्याच्या जागीं दांडीभोंवतीं कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा, म्हणजे तंतु उसवत नाहींत. मोटार सुरू करून तिचा वेग भरूं द्यावा. डाव्या हातानें बाण टेकणपट्टीला हलकेच टेकवून ठेवावा, आणि उजव्या हातानें, बोटें चकतीपासून दूर ठेवून, तो चकतीला भिडवीत सावकाश फिरवावा. प्रथम नुसता भोंवतीं चरा पडूं द्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यांत तुकडा आपोआप सुटतो. न फिरवितां सरळ दाबून कापलें, तर चकतीचा जो तिरपेपणा असेल तो जसाच्या तसा कांठावर उमटतो. फिरविल्यानें मात्र कांठाचा प्रत्येक बिंदु चकतीच्या एकाच जागेखालून जातो. त्यामुळें चकती किंचित् तिरपी असली तरी कांठाचें वर्तुळ दांडीशीं काटकोनांतच राहतें. अट एवढीच, कीं फिरतांना बाण मागें-पुढें सरकतां कामा नये. घरगुती साधन महागड्या यंत्राच्या बरोबरीला येतें तें या एका युक्तीमुळें.

साध्या करवतीनें कार्बनची दांडी कापूं नये. दांते तंतु ओढून फाडतात. नळ कापण्याचें चाकाचें हत्यार ॲल्युमिनियमलाही लावूं नये. तें कापण्यापेक्षां दाबतें अधिक, आणि कांठ आंत वळवितें. ॲल्युमिनियमच्या दांडीवर जो आंकडा असतो, समजा १७१६, त्यांतील पहिले दोन अंक व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांत आणि पुढचे दोन भिंतीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात. म्हणजे ही भिंत अवघी सोळा हजारांश इंच! तिला दाबणें म्हणजे चेपणेंच. लांकडाच्या बाणाला मोटारीची जरुरी नाहीं. बारीक दांत्यांची करवत आणि तिला सरळ धरणारी लांकडी पेटी पुरे. बांबूवर मात्र आधीं दोऱ्याचे चार घट्ट वेढे घ्यावे.

कार्बनच्या भुकटीविषयीं दोन शब्द कळकळीनें सांगावेसे वाटतात. ती काळी भुकटी म्हणजे अतिशय बारीक तंतूंचे तुकडे. ते त्वचेंत रुततात, डोळ्यांत गेले तर इजा करतात, आणि श्वासावाटे आंत जाणें तर मुळींच इष्ट नाहीं. त्यांतून वीजही वाहते, म्हणून ते मोटारींत शिरले तर ती बिघडते. नाका-तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा, डोळ्यांवर बाजूंनीं बंद असा चष्मा, चकतीपाशीं धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राची नळी, आणि शेवटीं ओल्या फडक्यानें पुसणें, यांतील कांहींच गाळूं नये. तोंडानें फुंकर मारण्याची आपली जुनी सवय येथें अगदीं वर्ज्य. हें काम स्वयंपाकघरांत किंवा तान्ह्या मुलांच्या वावराच्या जागीं करूं नये.

कापून झाल्यावर कांठ गुण्यांत आहे कीं नाहीं तें पाहावें. त्यासाठीं आणखी एक छोटें साधन करतां येतें. लांकडाच्या ठोकळ्यांत सरळ खोबण पाडावी आणि तिच्या टोंकाला, नेमक्या काटकोनांत, बारीक एमरी कागद चिकटविलेली धातूची चकती बसवावी. दांडीच्या कांठाला शाई लावावी, दांडी खोबणींत ठेवून कागदाला हलकेच टेकवावी आणि दोन वेळां फिरवावी. सगळीकडची शाई सारखी गेली तर कांठ सरळ. एका बाजूची राहिली तर ती बाजू खालीं आहे. शाई पुरती जाईपर्यंत फिरवावें, अधिक नाहीं. सरळ कांठावर फळ सपाट बसतें. वांकड्या कांठावर तें एका बिंदूवर टेकतें, आणि लक्ष्यावरील प्रत्येक आघातासरशी दांडीची तीच बाजू चिरूं लागते. मग नळीचें आंतलें अंग स्पिरिटांत भिजविलेल्या कापसानें पुसून वाळवावें आणि फळ चिकटवावें. तापवून लावावयाचा सरस असेल तर ऊब फळाला द्यावी, दांडीला नव्हे. कार्बनचे तंतु बांधून ठेवणारी राळ उष्णतेनें दुबळी होते.

सर्वांत शेवटीं, बाण धनुष्यावर चढविण्यापूर्वीं, तो दोन्ही टोंकांना धरून तोंडापासून दूर, हलकेच वांकवावा आणि कान देऊन ऐकावें. थोडा फिरवून पुन्हां वांकवावा. असें चार-पांच वेळां. बारीकसा चर्र असा आवाज आला, बोटाला भेग लागली, किंवा कांठाशीं तंतु सुटलेला दिसला, तर तो बाण कितीही महाग असो, बाद. चिरलेला बाण सुटतांना फुटून हातांत घुसल्याची उदाहरणें तिरंदाजांना माहीत आहेत. असा बाण कोपऱ्यांत उभा करून ठेवूं नये. कोणीतरी लहान मूल तो उचलील. त्याच चकतीवर धरून त्याचे चार तुकडे करावे, आणि उरलेल्या चांगल्या बाणांवर पिसाऱ्यापाशीं एक, दोन, तीन असे आंकडे घालून ठेवावे. म्हणजे पुढें एखादा बाण सतत एकाच बाजूला जाऊं लागला तर तो कोणता, हें शोधीत बसावें लागत नाहीं.